ज्वालामुखी शाळेतच फुटू द्या

रविवारी रात्री आठच्या सुमाराला स्टेशनरीच्या दुकानात जी गर्दी असते तिच्यात मुलं फारशी दिसत नाहीत. दिसतात ते पालक. शाळेच्या ग्रुपवर आलेला निरोप दुकानदाराला वाचून दाखवणं चाललेलं असतं : दोन कार्डशीट, निळा क्रेप कागद, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट, सूर्यमालेसाठी लहानमोठे गोळे. सूर्य धरून गोळे नऊ घ्यायचे की दहा, हे विचारायला घरी फोन जातो. प्लूटो २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला हे बाबांच्या लक्षात नसतं. मुलाला ठाऊक असतं. प्रोजेक्टमधला त्याचा वाटा पुष्कळदा तेवढाच. बाकीची सूर्यमाला रात्री अकरा वाजता आई पुरी करते आणि सकाळी सातला बाबा ती स्कूटरवर सांभाळत शाळेच्या फाटकापर्यंत पोचवतात.

हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याची चेष्टा होते, तक्रार होत नाही. मला तक्रार करायची आहे. हस्तकला, मॉडेल, तक्ते, टाकाऊतून टिकाऊ, जे काही मुलांच्या हातून व्हावं असं शाळेला वाटतं ते शाळेत, शाळेच्या वेळात आणि शाळेने दिलेल्या साहित्यातून व्हावं. घरी पाठवू नये. निदान पाचवीपर्यंत तरी अजिबात नाही. आणि त्याला गुण असू नयेत.

हे सांगणारी मी हस्तकलेची वैरीण नाही, हे आधीच सांगून टाकते. नोकरी करून उरलेल्या वेळात शिवणयंत्रावर बसणं ही माझी चैन आहे. जुन्या साड्यांच्या गोधड्या, पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या, मुलांच्या वाढदिवसाच्या टोप्या हे सगळं मी आवडीने करते. हाताने काही करण्यातली मजा मला माहीत आहे म्हणूनच ही मजा शाळेच्या नावाखाली कशी मारली जाते ते जास्त खुपतं.

आधी हे घरी आलं कसं ते पाहायला हवं, कारण मुळात ते शाळेतच होतं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलं की शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या माध्यमातून व्हावं. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जो आराखडा दिला त्यात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता आणि त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगासाठी होती. मातृभाषेला चाळीस मिनिटं. आज हे वेळापत्रक कुणी मांडलं तर पालकच मोर्चा काढतील, आणि टकळीवर सूत काढण्यात मुलाचा निम्माअधिक दिवस जावा असं मलाही वाटत नाही. पण त्या वेळापत्रकात एक प्रामाणिकपणा होता. हाताचं काम महत्त्वाचं आहे असं म्हणायचं तर त्याला शाळेच्या घड्याळातला वेळ द्यावा लागतो, एवढं त्या मंडळींना कळत होतं.

तो वेळ नंतर आटत गेला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य असं भारदस्त नाव सुचवलं. आमच्या पिढीला कार्यानुभव आठवतो तो आठवड्यातल्या एकदोन तासिकांपुरता, आणि त्याही परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी मागून घेतलेल्या. तरी त्या तासाला खडू, मेणबत्त्या, काथ्याचं पायपुसणं, कागदी पाकिटं असं काहीबाही शाळेतच बनत असे. वाकडंतिकडं बनत असे, पण ज्याचं त्याचं बनत असे.

मग शिक्षण हक्क कायदा आला. कृतीतून, शोधातून शिकणं असावं, मुलाचं सातत्याने आणि सर्व अंगांनी मूल्यमापन व्हावं, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. यात खोट काढण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाची जी आठ साधनं ठरली त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग यांच्याबरोबर ‘उपक्रम किंवा कृती’ आली आणि ‘प्रकल्प’ही आला. इतर मंडळांच्या शाळांत अंतर्गत मूल्यमापन, ॲक्टिव्हिटी अशा नावांनी तेच आलं. प्रकल्पाला गुण मिळाले. वेळ, माणूस आणि साहित्य मात्र मिळालं नाही. खरं तर त्याच कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत अशी तरतूद आहे. आपल्या मुलाच्या शाळेत कार्यशिक्षणाचा निदेशक कोण, हे एकदा विचारून पाहावं. मुळात पाचवीपर्यंतच्या वर्गांना तर ही तरतूदही नाही, आणि सगळ्यात जास्त कागदकाम तिथेच चालतं.

गुण आहेत, तास नाही, शिक्षक नाही. मग काम कुठे जाणार? उताराला लागलेल्या पाण्यासारखं ते घराकडे आलं. आणि घरात आल्यावर कुणाच्या अंगावर आलं हे सांगायला संशोधकाची गरज नाही, पण आकडे आहेतच तर पाहू. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं निघालं. पाच वर्षांपूर्वी, २०१९ च्या पाहणीत, हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाची नऊ. अंतर जिथल्या तिथे. शाळेच्या ग्रुपवरचा निरोप या २८९ मिनिटांच्या वर येऊन बसतो. विरार किंवा कल्याणहून लोकलने रोज दीड तास येणंजाणं करणाऱ्या बाईचा फोन पावणेनऊला वाजतो : ‘उद्या सर्व विद्यार्थ्यांनी भाजीच्या आकाराचा मुखवटा घालून यावे.’ बाबा वाईट नसतात. ते कार्डशीट आणायला जातात. पण मुखवटा दुधी भोपळ्याचा की वांग्याचा, त्याला इलॅस्टिक लागेल का, ते घरात कुठल्या डब्यात आहे, ही सगळी जमवाजमव एकाच डोक्यात चालते. (निरोप पाठवणाऱ्या बाईही घरी जाऊन स्वतःच्या मुलीचा मुखवटा कापत असतात, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनीही निरोप पाठवलेला असतो.)

सरकारचंच एक धोरण इथे आठवतं. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात म्हटलं आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. एक बरा ज्वालामुखी बनवायला, मातीचा डोंगर वाळवणं, रंगवणं, आत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून ‘लाव्हा’ उतू जातोय ना याची रंगीत तालीम करणं धरून, मोठ्या माणसाला सहज पाच-सहा तास लागतात. मुलाने खरोखर स्वतः केला तर किती लागतील देव जाणे. धोरणाच्या हिशेबाने तो ज्वालामुखी अडीच-तीन आठवड्यांचा गृहपाठ खाऊन टाकतो. पण प्रकल्प गृहपाठात धरलाच जात नाही. तो ‘ॲक्टिव्हिटी’ असतो, आणि ॲक्टिव्हिटी म्हणजे मजा अशी समजूत असल्यामुळे तिला तासांची मर्यादा कुणी लावत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र मध्यमवर्गीय घरात निदान रडतखडत सुटतो. तो जिथे सुटतच नाही तिथे काय होतं? शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. एकाच बाकावर दोन मुली बसतात. एकीची आई बँकेत, दुसरीची त्याच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करणारी. वर्गातलं पुस्तक दोघींना सारखं, गणवेश सारखा, शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्या. ज्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा त्या दिवशी मात्र दोन घरं उघड्यावर मांडली जातात. एकीकडे दिवे लागणारं धरण, दुसरीकडे वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली चार चित्रं. बोर्ड, रंग, गोंद, छापील चित्रं धरून दोन-तीनशे रुपये एका प्रोजेक्टला कधी लागतात ते कळत नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात खरं, पण टाकाऊसुद्धा घरात असावं लागतं. पिस्त्याच्या टरफलांचं कमळ करून आणायला सांगणाऱ्यांनी, कुणाच्या घरात मूठभर पिस्त्याची टरफलं निघतात याचा एकदा विचार करावा.

दुसरीकडे, ज्यांच्या घरात खरं हस्तकौशल्य आहे त्यांना हा प्रकार ओळखतच नाही. वर्गात बुरुडाचा मुलगा असतो, शिंप्याची मुलगी असते, कुंभारवाड्यातून येणारा कुणी असतो. पाचवीतल्या त्या मुलाला कामटी कशी सोलायची हे आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत असेल. शाळा त्याला विचारत नाही. ती त्याला ग्लू गन आणायला सांगते. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची रीत जुनी आहे आणि ती जातीच्या उतरंडीला घट्ट बांधलेली आहे. हस्तकलेचा विषय या उतरंडीला धक्का देऊ शकला असता. त्याऐवजी आपण त्यातलं काम काढून टाकलं आणि झगमगाट तेवढा ठेवला. आता हस्तकलेतून वापरण्याजोगं काहीही तयार होत नाही, म्हणूनच बहुधा ती सभ्य घरांना चालते.

झगमगाटावरून आठवलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंबरोबर थर्मोकोलवरही बंदी घातली. तेव्हा मला भाबडी आशा वाटली होती की शाळेचे प्रकल्प आता तरी सुटसुटीत होतील. थर्मोकोलची जागा सनबोर्डने आणि फोमशीटने घेतली; तेही प्लास्टिकच. ‘पर्यावरण वाचवा’ या विषयावर प्लास्टिकचं गवत, प्लास्टिकची झाडं आणि वर चंदेरी चुरा भुरभुरवलेली मॉडेलं प्रदर्शनात ओळीने मांडलेली मी पाहिली आहेत. प्रदर्शन दोन दिवस. मग ती घरी येतात, महिनाभर कपाटावर बसतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत घंटागाडीत जातात.

आता मुलाकडे येऊ, कारण हे सगळं त्याच्यासाठी चाललं आहे असा आपला दावा आहे. सहा वर्षांच्या मुलाने कात्रीने गोल कापला तर तो बटाट्यासारखा येतो. तो तसाच यायला हवा, त्या वयाचा हात तेवढाच असतो. पण बटाटा शाळेत पाठवला तर शेजारच्या मुलाचा गोल कंपासने आखून मोठ्या माणसाने कापलेला असतो, हे आईला माहीत असतं. म्हणून ती म्हणते, ‘राहू दे, तुला नाही जमणार, मी करते.’ या एका वाक्यात हस्तकलेचा तास संपतो. मुलाला कळतं ते इतकंच की आपला हात बाहेर दाखवण्याच्या लायकीचा नाही. पुढे तो कात्री हातात घ्यायलाच कां कू करतो, आणि मग आपण म्हणतो की हल्लीच्या मुलांना मोबाइलशिवाय काही नको.

त्याहून वाईट भाग पुढचा आहे. दुसऱ्याने केलेल्या कामाखाली मुलगा स्वतःचं नाव लिहितो, ते वर्गात उभं राहून ‘मी हे मॉडेल बनवलं आहे’ असं सांगतो, बाईंना ते खोटं असल्याचं ठाऊक असतं, त्याला बाईंना ठाऊक असल्याचं ठाऊक असतं, आणि त्याला ‘अ’ श्रेणी मिळते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट विकत मिळतात, प्रयोगवह्या उतरवून काढल्या जातात, म्हणून आपण नाकं मुरडतो. या अभ्यासक्रमाचा पहिला धडा आपणच पहिलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फेव्हिकॉलच्या बाटलीसकट शिकवलेला असतो.

यावर जे उत्तर मला नेहमी मिळतं ते असं की निदान त्यानिमित्ताने आईबाबा मुलांजवळ बसतात. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. काही घरांत तसं होतंही. एरवी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढणारे बाबा पवनचक्कीच्या पात्यात रमले, फिटर म्हणून आयुष्य गेलेल्या आजोबांनी पेटी उघडून नातवाला पकड आणि पाना यातला फरक दाखवला, हे घडतं आणि चांगलंच आहे. पण ते घडतं तेव्हा वेळ मोकळा असतो. उद्या सकाळी जमा करायच्या वस्तूभोवती बसलेल्या घरात जवळीक कमी आणि चिडचिड जास्त असते. तिथे मुलाचं काम एकच उरतं, मध्ये मध्ये न करणं. गुण, तारीख आणि शेजाऱ्याचं मॉडेल या तीन गोष्टी काढून घेतल्या तर तेच आजोबा तीच पेटी शनिवारी दुपारी उघडू शकतात, आणि नातवाला पाना हातात घेऊन नट उलटा फिरवून बसायलाही वेळ मिळतो.

घरातलं हस्तकाम कसं चालतं ते दिवाळीत कळतं. आमच्याकडे आकाशकंदील घरीच होतो, त्यात मोठेपणा काही नाही. विकतचे चांगले दिसतात आणि आमचा दरवर्षी एका बाजूला झुकतो. कामट्या सोलायचं आणि सांगाडा बांधायचं काम मोठ्यांचं, कारण कुसळ बोटात जातं आणि चौकोन जुळले नाहीत तर कंदील उभाच राहत नाही. खळ शिजवायची ती मी. कणकेची किंवा मैद्याची, पातळ, गुठळी होऊ न देता. पतंगाचा कागद सांगाड्यापेक्षा बोटभर मोठा कापायचा, कडा आत वळवायच्या, खळ बोटाने लावायची आणि कागद ओढायचा नाही, नुसता टेकवायचा, तो वाळला की आपोआप ताणला जातो. हे काम थोरल्याचं. धाकटीकडे शेपट्या. कागदाची पट्टी दुमडायची, जवळजवळ कात्रणं द्यायची, पण टोकापर्यंत नाही. तिची कात्री टोकापर्यंत जाते, पट्टी सुटते, आणि त्या वर्षी कंदिलाला एक शेपटी कमी असते. कुणाचं काही बिघडत नाही. ज्याला जे झेपतं ते त्याच्याकडे, आणि जे बनतं ते खरोखर दारात लटकतं, त्यात दिवा लागतो, पाहुणा त्याखालून आत येतो. मुलाला त्याच्या वयाचं काम मिळणं आणि त्या कामाचा घराला उपयोग असणं, या दोन गोष्टी शाळेच्या प्रोजेक्टमध्ये एकत्र कधी येतच नाहीत.

किल्ल्याचं तर त्याहून वेगळं. किल्ला हा पोरांचा कारभार. दगडविटा कुठल्या बांधकामावरून उचलायच्या, गोणपाट चिखलात बुडवून डोंगराला कसं घालायचं, अळीव किती दिवस आधी पेरले म्हणजे पाडव्याला हिरवळ दिसते, महाराजांचं सिंहासन कुठे आणि मावळे कुठल्या बुरुजावर, यावर भांडणं, रुसवे, सलोखे. मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे जाणारी ही विद्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हती. कुणाचा बुरूज ढासळला तर पुन्हा लिंपायचा. मग सोसायट्यांमध्ये आणि वॉर्डांत किल्ला स्पर्धा आल्या, परीक्षक आले, बक्षिसं आली, आणि त्यांच्या मागोमाग बाबा लोक आले. आता रात्री बारापर्यंत ड्रिल मशीन चालतं, एलईडीच्या माळा लागतात, पोरं कडेला उभी राहून बघतात. जिथे हे नाही तिथे तयार किल्ला विकत मिळतो. गुण आणि बक्षीस आलं की मोठी माणसं मुलाच्या हातातलं काम काढून घेतात. शाळा असो की सोसायटीचं अंगण, नियम तोच. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मला आनंद झाला, आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला : आता बाराच्या बारांची मॉडेलं मागवली जाणार!

शाळेत हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राइतके याचे पुरावे फार कमी ठिकाणी असतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, माती, काटक्या हीच शैक्षणिक साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणावर गेली. घरून काही आणायला सांगण्याचा प्रश्नच नव्हता, घरात काही नव्हतंच. अरविंद गुप्ता यांनी आयआयटीची पदवी घेऊन टेल्कोतली नोकरी केली आणि मग होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी बनवायला हजारो मुलं शिकली. त्या खेळण्यांना सनबोर्ड लागत नाही आणि आईही लागत नाही. मोठ्या मुलांसाठी पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला, आणि तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शाळेच्या वेळातच जोडकाम, शेती, ऊर्जा, आरोग्य अशा कामांवर घालवतात. वापरता येईल अशी वस्तू करतात.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे कसं करायचं, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. साठ मुलांच्या हातात गरम ग्लू गन देऊ नये, हे मान्य. देऊच नये. कागद दुमडणं, माती मळणं, सुईदोरा ओवून बटण लावणं, दोरीच्या गाठी, बी पेरून नोंद ठेवणं याला ग्लू गन लागत नाही. एका जोडतासिकेत काम पुरं झालं नाही तर ते वर्गातल्या फळीवर राहावं आणि पुढच्या आठवड्यात पुढे चालावं; घरी जाऊ नये. साहित्याची एक पेटी वर्गाची असावी. पालकांकडून ॲक्टिव्हिटी फी घेणाऱ्या शाळांना तर ही पेटी भरणं अवघड जाऊ नये. तो पैसा स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर किती आणि पेटीत किती, हे विचारायचा पालकांना हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पेटीचा खर्च सरकारने द्यावा, आणि परिशिष्टातला निदेशक पूर्ण वर्षासाठी, जगता येईल अशा मानधनावर नेमावा. राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, त्यांत स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ बसून शिकावं असं म्हटलं आहे. तिथे त्या बुरुडाच्या मुलाचे वडील वर्गात येऊ शकतात, मानधन घेऊन, शिक्षक म्हणून.

उपक्रमाचे फोटो वर पाठवावे लागतात, म्हणून मॉडेल देखणं हवं असतं, असं एका शिक्षिकेने मला सांगितलं. त्यांचा दोष नाही. वरच्या साहेबाला बटाट्यासारखा गोल चालणार नाही या भीतीने सगळी साखळी आईच्या कात्रीपर्यंत येऊन पोचते. ही साखळी वरून तोडणं सोपं आहे : प्रकल्पाच्या रकान्यातून ‘घरी केलेले’ बाद करायचं. एका परिपत्रकाचं काम आहे, आणि शिक्षण खात्याला परिपत्रकांचं वावडं कधीच नव्हतं.

तोवर खालून जे करता येईल ते करावं. जूनमध्ये पालकसभा होते, तिथे फी आणि बस झाल्यावर हा विषय काढावा. प्रोजेक्ट आलाच तर मुलाने जितकं केलं तितकंच पाठवावं, वर एक ओळ लिहून : हे याने स्वतः केलं आहे. एकट्या मुलाचं वाकडं काम वर्गात उघडं पडतं आणि त्याला लाज वाटते, हे मी नाकारत नाही. म्हणून हे एकटीने करू नये. वर्गातल्या पाच-सहा घरांनी आधी बोलून एकाच वेळी करावं. मग बाईंना त्या कामांसाठी टेबलावर जागा काढावीच लागते.